मध कशाचा?

निपाणीच्या शिवारात पीक भरपूर, पण त्यातलं फूल मधमाशीच्या वाट्याला फारसं येत नाही. तंबाखूला कळी धरू लागली की शेतकरी शेंडा खुडतो. कळीचं फूल होऊ दिलं तर पानाचा कस उतरतो, आणि इथला सगळा व्यापार पानाच्या कसावर. शेंडा खुडल्यावर पानांच्या बगलेतून फुटवे येतात, तेही मोडून टाकायचे. त्यामुळे ऐन हंगामात तंबाखूचं रान हिरवंगार असतं, पण फुलोरा दिसतो तो फक्त बियाण्यासाठी राखलेल्या झाडांवर. बाकीचं रान उसाचं. उसाला तुरा येतो, पण त्या तुऱ्याचं काम वाऱ्यावर चालतं, माशीसाठी त्यात मध नसतो. करडई-सूर्यफुलाच्या वावरांतही पाणी पोचलं तसा ऊस शिरला.

तरी निपाणीत मध विकला जातो, आणि बऱ्यापैकी खपतो. तो येतो कुठून ह्याचा माग काढत मी वेदगंगेच्या काठाकाठानं वर गेले. ही नदी निपाणीजवळ यमगर्णीच्या पुलाखालून जाते. महामार्गावरून धावणाऱ्या गाड्यांतून तिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. पण ती येते भुदरगड तालुक्यातल्या पाटगावच्या डोंगरांतून, आणि निपाणीच्या दुकानांतला बराचसा चांगला मधही तिकडूनच उतरतो.

महामार्गावरून गावात वळलं की तंबाखूच्या वखारी लागतात. वैशाखात माल आत भरलेला असतो आणि बंद दारांतूनही त्याचा उग्र वास रस्त्यावर येतो. चिमूटभर चुरा तळहातावर घ्यायचा, नाकाशी न्यायचा आणि तो कुठल्या रानातला, पाऊस लागलेला की कोरडा वाळलेला, हे सांगायचं, अशी माणसं इथं अजून आहेत. प्रतीवर भाव ठरतो. ह्याच भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक महामार्गावर ठिय्या देऊन बसले आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. प्रतवारी म्हणजे काय, हे ह्या गावाला कुणी शिकवायला नको.

मधाच्या बाबतीत मात्र हेच गाव एका शब्दावर भागवतं: जंगली.

बाजारपेठेतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात मी मध मागितला. आतल्या फळीवर हिरडा, बेहडा, वावडिंग, ज्येष्ठमध ह्यांची पोती आणि बरण्या, आणि पुढं काचेच्या बाटल्यांची रांग.

"कसला पायजे ओ ताई? जंगली हाय, पेटीचा हाय, कंपनीचा हाय."

"जंगली म्हणजे कशाचा?"

"रानातला की."

"रानातल्या कुठल्या झाडाचा?"

दुकानदारानं माझ्याकडे नीट बघितलं. मग एक बाटली उजेडाकडे धरली. आतला मध तांबूस-काळा होता. "ह्यो पाटगावकडनं आलाय. झाडाचं नाव तिथंच इचारा जावा."

तेवढ्यात एक मावशी आल्या. हातात पिशवी, पिशवीत औषधाची धुतलेली रिकामी बाटली. विड्या वळणाऱ्या बायका निपाणीत हजारोंनी. मांडीवर सूप, सुपात पानं, कात्री, दोरा आणि तंबाखूचा चुरा, असं दिवसभर चालतं. मावशींनी सितोपलादी चूर्णाची पुडी घेतली आणि बाटलीत थोडा मध घालून घेतला.

"रातभर ढास लागती बघा," त्या मला म्हणाल्या.

"दवाखान्यात दाखवलं का मावशी?"

"दावलंय की. गोळ्या हाईत. ह्यानं घसा वलतोय, निज लागती."

मधाच्या गुणांवर लिहिल्या गेलेल्या पुस्तकांपेक्षा हे वाक्य जास्त नेमकं आहे. मधानं घसा ओलावतो, खवखव कमी होते, झोप लागते. एक वर्षावरच्या मुलांच्या रात्रीच्या खोकल्याला मधानं उतार पडतो, हे आधुनिक वैद्यकानंही तपासून पाहिलं आहे. पण तंबाखूच्या धुळीनं छातीत बसलेलं दुखणं चाटणानं जात नाही. मावशींना हा फरक ठाऊक होता, म्हणून त्यांच्या पिशवीत गोळ्याही होत्या.

निपाणीच्या स्टँडवर दोन राज्यांच्या गाड्या शेजारी शेजारी लागतात. गारगोटीची लाल गाडी मिळाली. गाव सुटतं न सुटतं तोच अर्जुननगर येतं आणि कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. तिथलं देवचंद कॉलेज सगळे निपाणीचं म्हणून ओळखतात, पण ते उभं आहे कागल तालुक्यात आणि जोडलेलं आहे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला. पुढं मुरगूडपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखादं गुऱ्हाळ. हंगामात ह्या गुऱ्हाळांच्या काहिलीभोवती मधमाश्या घोंघावतात. फूल मिळालं नाही की त्या रसावर, काकवीवर येतात, आणि त्यातल्या किती तरी काहिलीत पडून मरतात. ऊसपट्ट्यात मधपेट्या ठेवू पाहणाऱ्याची ही पहिली अडचण.

गाडीत शेजारी घोंगडीवाले एक धनगर मामा बसले होते, आदमापूरला उतरणारे. आदमापूर म्हणजे बाळूमामांचं ठिकाण. बाळूमामांचा जन्म १८९२ सालचा, तोही निपाणीजवळच्या अक्कोळचा. त्यांच्या नावाची मेंढरं आजही ह्या पट्ट्यात गावोगाव फिरतात. शेजारच्या मामांनी कपाळाला भंडारा लावलेला. मी मधासाठी पाटगावला निघाले आहे म्हटल्यावर ते खुलले.

"आमी तरणी हुतो तवा आग्या मोहोळ झाडायचो. अवसंची रात बघायची. चांदणं असलं की माशी अंगावर येती."

"मग सगळं पोळं कापायचात?"

"छ्या! मधाचा गड्डा तेवढा कापायचा. पिलावा ऱ्हाऊ द्यायचा. सगळं कापलं तर पुढल्या साली माशी त्या झाडावर येईल व्हय?"

आग्या माशी उंच झाडांच्या फांद्यांना, कड्यांना, अलीकडे पाण्याच्या टाक्यांना आणि पुलांनाही एकच मोठं पोळं लटकवते. ती ऋतूप्रमाणे मुक्काम हलवते आणि पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच झाडावर परतते. मामांच्या बोलण्यात अनुभव होता. पण सगळे असं सांभाळून कापत नाहीत. पोत्याचा पलिता पेटवून माश्या जाळायच्या, पोळं पिलाव्यासकट, म्हणजे अंडी-अळ्यांसकट, तोडायचं आणि फडक्यात घालून पिळायचं, ही रीत अजून सर्रास चालते. बाजारात 'जंगली' म्हणून येणाऱ्या मधात असा पिळलेला मध बराच असतो. त्यात अळ्यांचा रस उतरतो, परागही बेसुमार मिसळतो, म्हणून तो गढूळ दिसतो आणि लवकर आंबतो. गिऱ्हाईक ह्या गढूळपणालाच अस्सलपणा समजतं.

मुदाळतिट्ट्यावरून गाडी गारगोटीकडे वळली. गारगोटीत शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी उभं केलेलं मौनी विद्यापीठ आहे; त्याला नाव दिलं पाटगावच्या मौनी महाराजांचं. गारगोटीहून दुसरी गाडी धरली. कडगाव मागं पडल्यावर ऊस संपतो, डोंगर जवळ येतात आणि हवा बदलते. पाटगावला पोचताना वेदगंगेवरचं धरण दिसतं. मौनी महाराजांचा मठ गावातच आहे. दक्षिणेच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी शिवाजी महाराज मौनी महाराजांच्या दर्शनाला इथं आले होते, असं सांगतात. गावाच्या मागं रांगणा किल्ल्याची वाट, आणि त्या वाटेवर जांभूळ, हिरडा, अंजनी, गेळा ह्यांचं दाट रान.

महाराष्ट्रात मधाचं सरकारी काम महाबळेश्वरला १९४६ साली सुरू झालं. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं आणि त्यापाठोपाठ पाटगावची निवड झाली. २०२३ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या सर्वोत्कृष्ट पर्यटन गावांच्या स्पर्धेत पाटगावला कांस्य श्रेणीचा मान मिळाला. त्यामुळे आता इथं पाटी आहे, बाहेरून येणारी माणसं आहेत. पण मध पाटीवर नव्हे, परड्यात असतो.

ज्यांच्याकडे मी उतरले ते मामा पेट्या पाळतात. मधपेट्या घरामागच्या जांभळाखाली, लोखंडी स्टँडवर. स्टँडच्या पायांना पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. मामांनी धुराड्यात नारळाची सोडणं आणि गोणपाटाचा तुकडा पेटवला, भात्यानं दोनतीनदा धूर सोडला आणि झाकण उचललं.

पेटी दोन मजली. खालचा मजला पिलाव्याचा, वरचा मधाचा. मामांनी वरची एक चौकट हळूच उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली. चौकटीवर सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी, माश्यांचा थर होता. त्यांनी चौकट एकदा झटकली, माश्या पेटीत पडल्या आणि पोळं उघडं झालं. वरच्या भागातल्या घरांवर पांढरट मेणाची पातळ टोपणं बसलेली, खालच्या घरांत मध उघडा, चकाकणारा.

"हे बघा ताई. टोपण बसलं म्हणजे मध पिकला. खाली उघडा हाय त्यो कच्चा. त्यो काढला तर बाटली फसफसून टोपण उडवतोय."

फुलातून माशी जो रस आणते त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. माशी तो रस पोटात खेळवते, त्यात स्वतःची पाचकद्रव्यं मिसळते, घरांत भरते आणि पंखांनी वारा घालत राहते. पाणी उडून उडून मध घट्ट झाला की ती मेणाचं टोपण बसवते. भारतीय अन्न मानकांनुसार मधात २० टक्क्यांहून जास्त ओलावा नसावा. घाटातल्या दमट हवेत सातेरीच्या मधाला ही मर्यादा गाठताना जड जातं, म्हणून टोपणाची वाट बघणं महत्त्वाचं. पाणी कमी, साखर दाट आणि गुण आम्लधर्मी. असा मध जंतूंना मानवत नाही, आणि म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो.

मामांनी गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीनं टोपणं सोलली, चौकट पत्र्याच्या गोल यंत्रात उभी बसवली आणि मूठ फिरवली. आत मध भिंतीवर उडत होता, खालच्या तोटीतून धार पातेल्यातल्या गाळणीवर येत होती. पोळं जसंच्या तसं राहिलं. ते परत पेटीत गेलं आणि माश्या लगेच त्याच्या डागडुजीला लागल्या. जुन्या पिळण्यातला आणि ह्या काढण्यातला फरक तिथं उभं राहिलं की सांगावा लागत नाही.

मग मामींनी ओटीवर वाट्या मांडल्या. चार वाट्या, चार रंग.

पहिला जांभळाचा. चैत्रात जांभूळ फुलतं, तेव्हा झाडाखाली उभं राहिलं की वर नुसता गुंजारव असतो. हा मध गडद तांबूस, जिभेवर आधी गोड आणि शेवटी किंचित कडवट-तुरट. निपाणीच्या दुकानात उजेडाकडे धरलेल्या बाटलीचा रंग ह्याच्याच जवळचा होता.

दुसरा हिरड्याचा. हिरडा जांभळाच्या मागून फुलतो. त्याचा मध अधिक तुरट, घशाला धरणारा. चहात किंवा सरबतात घालायला हा नको, पण खोकल्याच्या चाटणाला घरची माणसं हाच काढून ठेवतात.

तिसरा गेळ्याचा, रंगानं उजळ आणि चवीला सौम्य. गेळा हे काटेरी, बुटकं झाड. डोळ्यांत भरत नाही, माशीला मात्र पुरेपूर पुरतं.

चौथ्या वाटीत मध थोडाच होता. "कारवीचा," मामी म्हणाल्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळी एकदम, आणि मग वाळून जाते. त्या वर्षी पावसाळ्याच्या उतरंडीला डोंगर निळा-जांभळा होतो आणि पेट्या भरून जातात. हा मध दाट आणि गडद. त्याची घडण इतर मधांहून वेगळी आहे, इतकी की भारतीय मानकांत कारवीचं शास्त्रीय नाव घेऊन त्याला सवलत दिलेली आहे. साध्या मधात सुक्रोज साखर ५ टक्क्यांपर्यंतच चालते, कारवीच्या मधाला १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. हे ठाऊक नसलेला तपासणारा अस्सल कारवीचा मध साखर घातलेला ठरवून मोकळा होईल.

वाट्या संपल्यावर मी मामींना विचारलं, घरात एवढा मध असतो तेव्हा तुम्ही त्याचं करता काय? त्या हसल्या. "इकतोच की जास्त. घरात लागतोय किती?"

पण लागतो तो कसा, हे त्यांनी दाखवलं. सकाळी नाचणीच्या भाकरीच्या कुस्करलेल्या तुकड्यांवर मध, मुलांसाठी. सर्दीला आल्याचा रस आणि मध; अडुळशाची पानं वाफवून काढलेल्या रसात मध. सत्यनारायणाला आणि अभिषेकाला पंचामृतात एक पळी. लग्नात नवरदेवाच्या मधुपर्काला दह्यात मध. फुलोरी माशीचं छोटं पोळं झुडपात सापडलं तर पोरं ते मेणासकट चघळतात, ते वेगळंच. आणि पोळ्याचं मेण वाया जात नाही. ते वितळवून, गाळून, त्याची वडी करायची. थंडीत टाचांना भेगा पडल्या की मेण, राळ आणि तिळाचं तेल एकत्र कढवून मलम करायचं. मेणाचा मोठा वाटा मात्र परत पेटीत जातो: त्याचे ठसे उमटवलेले पत्रे करून चौकटीत बसवले की माशीचं पोळं बांधण्याचं काम वाचतं आणि ती मध जास्त साठवते.

मामींच्या सुनेच्या कडेवर काही महिन्यांचं बाळ होतं. त्याच्या जिभेला मधाचं बोट लावलं का, असं मी सहज विचारलं. सून म्हणाली, "डॉक्टरांनी वरीसभर न्हाई म्हणून सांगितलंय." आमच्याकडे बाळ जन्मलं की मध-तूप चाटवायची रीत जुनी आहे. पण मधात क्वचित अशा जिवाणूंची बीजं असतात, जी मोठ्यांना काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून त्याला लुळं पाडू शकतात. मधाच्या गावातल्या घरात ही गोष्ट पाळली जाते, तर शहरातल्या आजीनंही ती ऐकायला हरकत नाही. आणखी एक: मधुमेह असलेल्यांनी 'साखर सोडली, मध धरला' असं समाधान करून घेऊ नये. मधात सुमारे चार पंचमांश भाग साखरच असते, फक्त तिचे प्रकार वेगळे.

पाटगावात मध सहज मिळतो असं कुणाला वाटेल, तर त्यानं इथला पाऊस विचारात घ्यावा. जूनपासून महिनोन् महिने घाटावर असा कोसळतो की माशीला पेटीबाहेर पडता येत नाही. त्या काळात मामा साखरेचा पाक करून पेटीत ठेवतात. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "ही माशी जगवायला. ह्या दिवसांतला मध आमी काढत न्हाई." ह्यात लपवण्यासारखं काही नाही. पावसाळ्यात वसाहत जगवली नाही तर चैत्रात जांभळावर जायला माशीच उरणार नाही. फसवणूक होते ती मोहर आलेला असतानाही पाक पाजून तोच मध म्हणून काढणाऱ्यांकडून.

ह्याशिवाय मेणकिडा, मुंग्या, आणि जंगलाच्या कडेला असल्यामुळे अस्वल. रोगही येतात. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं दक्षिण भारतातल्या सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती खलास केल्या, आणि कर्नाटकातल्या कितीतरी मधपाळांच्या पेट्या रिकाम्या राहिल्या. पंजाब-हरियाणातली मोठी मधपाळी युरोपीय मेलिफेरा माशीवर उभी आहे. ती माशी सातेरीच्या कितीतरी पट मध देते, पण तिला मैलोगणती मोहरी-सूर्यफुलासारखी पिकं लागतात. सातेरी हंगामाला पाच-दहा किलोच देते, पण ह्या रानातल्या फुलांना, ह्या पावसाला ती सरावलेली. घाटाचा मध महाग का, ह्याचं उत्तर ह्या पाच-दहा किलोंत आहे.

आता भेसळीचं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ह्या संस्थेनं २०२० मध्ये १३ ब्रँडचे मध तपासून घेतले. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत भेसळ ओळखणाऱ्या एनएमआर चाचणीत त्यातले फक्त ३ उतरले. ह्यातली गोम ऊसपट्ट्यातल्या वाचकानं समजून घेण्यासारखी आहे. ऊस आणि मका हवेतला कार्बन ज्या रीतीनं घेतात, तिची खूण त्यांच्या साखरेत राहते. त्यामुळे मधात उसाची साखर घातली तर प्रयोगशाळेत पकडता येते. भाताच्या किंवा बीटच्या साखरेला ही खूण नसते, फुलांच्या रसालाही नसते. म्हणून भेसळ करणारे उसावरून भाताच्या पाकावर गेले. मग पाण्यात थेंब सोडणं, वात बुडवून पेटवणं, टीपकागदावर ठेवणं ह्या आपल्या घरगुती परीक्षांची काय कथा? त्यांतून कळतं ते एवढंच, की समोरचं द्रव किती घट्ट आहे. साखरेचा दाट पाकही पाण्यात तळाला जातो आणि मान उंच करून पास होतो.

मध बसला, खडीसारखा झाला, म्हणजे साखर घातली, हा समजही तसाच. मधातलं ग्लुकोज जास्त असेल तर ते दाणेदार होतंच. सूर्यफुलाचा आणि मोहरीचा मध फार लवकर बसतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो. गॅसवर चढवायची नाही, आणि फ्रिजमध्येही ठेवायची नाही. कोरडा चमचा, काचेची बरणी, घट्ट झाकण, एवढं सांभाळलं की पुरे.

मध कुठल्या फुलाचा हे शोधायचा रस्ता आहे, आणि तो जुना आहे. मधात परागकण उतरलेले असतात आणि प्रत्येक झाडाच्या परागाची घडण निराळी. सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजले की हा मध जांभळाचा, हिरड्याचा की मिश्र, हे सांगता येतं. पुण्यात १९६२ साली निघालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत असं काम होत आलं आहे. म्हणजे तंबाखूच्या वखारीत तळहातावर होते तशी प्रतवारी मधाचीही होऊ शकते. अडचण शास्त्राची नाही, गिऱ्हाइकानं ती मागितली नाही एवढंच.

मामा बाटलीवर चिठ्ठी लावतात: जांभूळ, चैत्र. हिरडा, वैशाख. निपाणीला जाणाऱ्या डब्यावर मात्र चिठ्ठी नसते. "तिथं समदं एकातच वततात," ते म्हणाले. म्हणजे डोंगरात चार वेगळ्या चवी असलेला मध नदीच्या वाटेनं खाली येतो आणि बाजारात पोचेपर्यंत त्याचं एकच नाव उरतं. जो दुकानदार मला म्हणाला होता, झाडाचं नाव तिथंच विचारा, त्याचं काही खोटं नव्हतं. त्याला ते नाव कुणी सांगितलंच नव्हतं.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आले, बेळगावही त्यात आहे. एका वस्तूसाठी दोन्ही राज्यांना एका कागदावर येता आलं. मधासाठी कर्नाटकाच्या फलोत्पादन खात्याचा 'झेंकार' आहे, महाराष्ट्राच्या खादी मंडळाचा 'मधुबन' आहे. दोघांनीही बाटलीवर झाडाचं आणि महिन्याचं नाव मोठ्या अक्षरात छापायला घेतलं, तर निपाणीतला दुकानदार आपोआप ते वाचून सांगेल.

तोवर हे काम आपल्यालाच करावं लागेल. ह्यापुढं मध घेताना दुकानदाराला "शुद्ध आहे का?" असं विचारू नका, त्याला 'हो'शिवाय दुसरं उत्तर नसतं. कशाचा, कुठल्या महिन्यातला आणि कुणी काढलेला, हे तीन प्रश्न विचारा. पहिल्या चार दुकानांत उत्तर मिळणार नाही. पाचव्यात मिळालं तर भावाची घासाघीस न करता तिथूनच घ्या, आणि बाकीच्या चौघांना आपण तो कुठून घेतला हे जरूर सांगा.